साध्या पाण्याची बाटली

तळेऱ्याच्या स्टँडवर देवगडच्या एसटीची वाट बघणारी माणसं पुष्कळ होती, पण माश्या लागल्या होत्या त्या एकट्या संचिताच्या मागे.

एक हाकलावी तर दोन यायच्या. ओढणीवर, केसांवर, पिशवीवर... आंब्याच्या बागेत घोंगावतात ना, त्या पिवळसर फळमाश्या. शेजारच्या आजी आधी दोन पावलं सरकल्या, मग शेंगदाणेवाला सरकला. मार्चचं ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि आमची ही पोरगी पिशवी पोटाशी घट्ट धरून, जणू काही घडतच नाहीये अशा चेहऱ्याने उभी!

"मॅडम, एक विचारू?" मागून आवाज आला. "तुम्ही आंबा खाल्लाय, की तुम्हीच आंबा आहात?"

ती गर्रकन वळली. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा, पायाशी भाताच्या पेंढ्याचे दोन भारे, केसांत पेंढा, मानेवर पेंढा. आंब्याच्या पेट्यांत घालायला न्यायचा असणार. हसू दाबायचा प्रयत्न चालला होता, पण साफ फसला होता.

"माश्यांका अक्कल आसा," संचिता म्हणाली. "तुझ्याकडे एक तरी इली काय?"

"अरे तिच्या! मालवणी? माका वाटला पुण्याचा पावणा इला."

"पावणा नाय. नांदगावचा आसंय. पिशवीत तुळशीचो अर्क सांडलो, तेच्या वासान येतत."

"मगे काय... तुळशीक नमस्कार करूक इलेत. करूंदेत."

तिला हसायचं नव्हतं. पण आलं हसू, काय करणार!

एसटी आली ती भरलेलीच. कंडक्टर पेंढ्यावरून थोडा वेळ भांडला आणि मग दमला. सगळ्या गाडीत उभं राहायला जागा नव्हती, तरी संचिताच्या शेजारची सीट रिकामी. माश्यांची कृपा, दुसरं काय? तिथे हा मुलगा येऊन बसला. नाव दत्तप्रसाद, पण एवढं लांब नाव कोण घेणार, सगळे दत्ताच म्हणायचे. त्याने विचारलं, कुठे चाललीस? ती म्हणाली, भिकाजीकाकांच्या बागेत, माश्यांवर अभ्यास करायला. त्यावर त्याने डोळे विस्फारले, "अगो बाय! ते भिकाजी? लय खडूस माणूस," असं म्हणून तो वाटभर भिकाजींच्या खडूसपणाच्या गोष्टी सांगत राहिला. संचिताचं तोंड एवढंएवढं झालं. शेवटी बागेच्या फाट्यावर ती उतरली, तर पाठोपाठ पेंढ्याचे भारे घेऊन हाही उतरला.

"तू खंय?"

"घराक. भिकाजी माझो काका."

असा तो दत्ता!

आता संचिताच्या कामाचं सांगते. ही अठरा वर्षांची, कणकवलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. पुण्याच्या एका संस्थेने संशोधनाची हौस असलेली दहा मुलं निवडली होती, त्यांत ही एक. फळमाशी पिकत्या आंब्यात अंडी घालते. वरून बघावा तर हापूस, कापावा तर अळ्या. औषधाचे तयार सापळे मिळतात, पण ते महाग. संचिताच्या मनात होतं की तुळशीचा अर्क साध्या बाटलीत भरून झाडाला टांगला, तर माश्या येऊन त्यात बुडतील. पैशाचं काम नाही, तुळस तर दारोदारी. सापळा जमला की जून-जुलै पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. नाही जमला, तर प्रकल्प बंद.

तुलनेसाठी तेवढ्याच बाटल्यांत नुसतं साधं पाणी भरायचं होतं. आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी फोनवरून सगळ्या मुलांसमोर मासिक वृत्तांत द्यायचा होता. त्याचे भाग दोन: एक प्रकल्पाचा, एक स्वतःचा. मार्गदर्शक किशोरी मॅडमचा दुसऱ्या भागावर फार जीव. माणूस कळल्याशिवाय त्याचं काम कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

भिकाजीकाका काही खडूस निघाले नाहीत. उलट बाटल्या बांधायच्या आधी सगळ्यांना बागेच्या खालच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे तीन जुन्या आंब्यांच्या मधोमध राखणदाराचा पाषाण होता. बागेचा राखणदार तो, त्याला विचारल्याशिवाय बागेत पानसुद्धा हलत नाही. काकांनी नारळ हातात धरला आणि गाऱ्हाणं घातलं:

"बा राखणदारा म्हाराजा! आज ह्या चेडू तुझ्या बागेत बाटल्यो बांधूक इलेला आसा..."

"व्हय म्हाराजा!" दत्ताने आणि बागेतल्या दोन गड्यांनी साथ दिली.

"तेचा काय चुकला-माकला तर पोटात घाल. तेच्या कामाक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दत्ताचा आवाज सगळ्यांत मोठा होता. संचिताने डोळे मिटले होते, तरी तिला तो वेगळा ऐकू आला.

नारळ फुटला. ती शिडी लावायला निघाली, तर काका म्हणाले, "बाय, औषधाची बाटली देवाजवळ नको हां. साधा पाणी बांध हय, औषधाचा वर बांध."

संचिता गावातलीच पोर. देवाजवळ औषध नको म्हटल्यावर तिला त्यात वावगं काही वाटलंच नाही. साध्या पाण्याच्या बाटल्या राखणदाराच्या तीन झाडांना बांधल्या, तुळशीच्या बागेच्या वरच्या टोकाला. त्या घटकेला तिच्यातल्या शास्त्रज्ञाने चक्क डुलकी काढली.

मग दर शनिवारी सकाळच्या गाडीने यायचं, बाटल्या उतरवायच्या, माश्या मोजायच्या, संध्याकाळच्या गाडीने परतायचं. दत्ता शिडी धरायचा.

"शिडी हलयतंस कशाक?"

"मी खंय हलयतंय? ती तुका बघून थरथरता."

"खाली इलंय की तुका दाखवतंय."

"ये ना मगे... मी वाटच बघतंय."

अशी ही मोजणी! भर उन्हात तिच्या कपाळावरून घाम ओघळला की हा काही न बोलता सोलकढीचा तांब्या पुढे करायचा. तिच्या हाताला आंब्याचा चीक लागला, तर खोबरेल घेऊन धावत यायचा, आणि बोटाला बोट लागलं की दोघंही उगाच झाडाकडे बघायची. तिच्यासाठी जेवायला पान मांडलेलं असायचं. भिकाजीकाका शेजारी बसून वाढायचे आणि घरात शिरलेल्या उंदराला शिव्या द्यायचे. ओसरीवर पिकायला टांगलेल्या केळ्यांच्या घडातून रोज केळी गायब होत होती. "खंयचो उंदीर हा कोण जाणे, सालपण मागे ठेवणा नाय!" दत्ता खाली मान घालून भात कालवत राहायचा.

फक्त माश्यांचं गणित जमेना. तुळशीच्या बाटल्यांत थोड्याफार पडायच्या, आणि साध्या पाण्यात? त्याहून कितीतरी जास्त! तळेऱ्याला ज्या वासाची माश्यांनी पाठ सोडली नाही, तो बागेत त्यांना आवडेना? संचिताने अर्क बदलला, बाटल्या बदलल्या. पुढच्या शनिवारी साध्या पाण्यात आणखी जास्त.

बागेच्या माथ्यावरच्या कातळावर रेंज यायची. मार्चच्या शेवटच्या शनिवारी तिथे बसून तिने पहिला वृत्तांत दिला. भिकाजीकाकांचे आभार मानले, गड्यांचे मानले, एसटीच्या कंडक्टरचेसुद्धा मानले. उपकार विसरायची तिला सवयच नव्हती. स्वतःच्या भागात मात्र म्हणाली, "मी बरी आहे. घरी सगळे बरे आहेत."

"संचिता," किशोरी मॅडम म्हणाल्या, "तुझ्या माश्यांची मला आता घरच्यांसारखी ओळख झाली. तुझी कधी होणार?"

एप्रिलचा वृत्तांत त्याहून वाईट झाला. साधं पाणी तुळशीच्या कितीतरी पुढे गेलं होतं. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "अजून एक महिना बघू. हेच आलं तर थांबू या, बाळ. फसलेला प्रयोगही प्रयोगच असतो." त्या चांगलं बोलल्या, पण फोन ठेवल्यावर संचिताला रडूच कोसळलं. प्रकल्प गेला म्हणजे पुणं गेलं. आणि ही बाग, हे शनिवार... तेही गेले.

दत्ता चार हातांवर उभा होता. "रडा नको गो," एवढंच म्हणाला. मग थोडं थांबून, "होतला सगळा बरा. मी सांगतंय ना!" असं इतक्या खात्रीने म्हणाला की तिला रडता रडता राग आला. ह्याला काय कळतंय माश्यांतलं!

मे महिन्यात परीक्षा संपली तो बुधवार होता. शनिवारपर्यंत कशाला थांबा, म्हणून संचिता कोणाला न सांगता बागेत आली आणि थेट खालच्या कोपऱ्यात गेली.

राखणदाराच्या तिन्ही झाडांच्या बेचक्यांत, बाटलीच्या बरोबर वर, केळी ठेवली होती. एक-दोन नव्हे, फण्याच. पिकून काळी पडलेली, फुटलेली, रस दोरीवरून ओघळत थेट बाटलीच्या भोकांवर आलेला. आणि वर माश्यांची अशी जत्रा भरलेली की खोड दिसेना.

तेवढ्यात आणखी चार केळी हातात घेऊन दत्ता आला. तिला बघितलं आणि जागच्या जागी खिळला.

"ह्या काय हा, दत्ता?"

"...निवेद."

"कधीपासून ठेवतंस?"

"तू बाटल्यो बांधलंस ना... तेच्या दुसऱ्या दिवसापासून. शुक्रवारी सांजचो सगळा काढून जागा धुतंय. तुका कळूचा नाय म्हणान."

"पण कशाक?"

दत्ताने मान खाली घातली. "तुझ्या कामाक यश येवक व्हया म्हणान. राखणदाराक नवस बोललंय. नवस सांगूचो नसता... आणि गेल्या महिन्यात तू रडलंस ना, म्हणान मगे वाढवलंय."

"काय वाढवलंस?"

"केळी."

संचिताचा बांध फुटला. "शिरा पडो तुझ्या केळ्यांवर! पिकलेल्या केळ्यावर फळमाशी जीव टाकता, इतक्या आंबेवाल्याक कळू नये? मी थंय रात्रंदिवस डोक्या फोडतंय, आणि तू हय... तूच माझा काम बुडवलंस, दत्ता! तूच!"

त्याने शिडी आणली, चढला, तिन्ही झाडांवरची केळी उतरवली, दोऱ्या पाण्याने धुतल्या. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा इतका पडला होता की बघवेना. पण ती बघायला थांबलीच नाही, तरातरा फाट्यावर गेली.

गाडीत बसली ती फणफणतच. तळेऱ्यापर्यंत राग पुरला. मग मनात आलं, नवस! आईने आजवर किती नवस बोलले असतील? भावाच्या दहावीचा, भावाच्या बारावीचा, भावाच्या नोकरीचा. संचिता हुशार, ती आपली आपण पास होते, तिच्यासाठी देवाला कशाला त्रास? आईचं काही चुकत नव्हतं, माया तर तेवढीच होती. पण सबंध जन्मात तिच्यासाठी देवापुढे हात जोडणारं हे पहिलंच माणूस. काकांच्या शिव्या खाऊन, घरातली केळी चोरून, रोज शिडी चढून. आणि ते कोणासाठी? काम झालं की उठून पुण्याला जाणाऱ्या मुलीसाठी! जून-जुलैचं पुणं त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी त्याने तेच मागितलं. संचिताचे डोळे भरून आले, आणि या खेपेला त्यात राग नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ती परत आली. दत्ता पेट्या घेऊन देवगडला गेला होता. मुद्दामच गेला असणार. तिने भिकाजीकाकांना सगळं सांगितलं, केळ्यांसकट. काका आधी आ वासून ऐकत राहिले, मग पोट धरधरून हसले. "म्हणजे उंदीर माझ्याच घरचो!"

"काका, माझापण चुकला," ती म्हणाली. "दोन्ही बाटल्यो मिसळून बांधूक व्हयो होत्यो. तुळशीची बाटली देवाजवळ चलात?"

काकांनी कपाळाला हात लावला. "अगो, तुळस ती! देवाक तुळस नको म्हणणारो मीच खुळो. बांध बाय, खुशाल बांध."

बाटल्या मिसळून बांधल्या. आणि मग काय सांगावं! पुढच्या दोन शनिवारी तुळशीच्या बाटल्या माश्यांनी काळ्या झाल्या, साध्या पाण्यात मोजून चार मेल्या तर मेल्या. राखणदाराच्या झाडांवर तसंच, माथ्यावर तसंच. संचिता बाटली उन्हात धरून नाचली. पण शिडी धरायला गडी होता, आणि तो काही शिडी हलवत नव्हता.

मेच्या शेवटच्या शनिवारी तिने काकांकरवी निरोप धाडला, दत्ताला कातळावर पाठवा. तो आला. लांबच उभा राहिला.

"आज वृत्तांत आसा," ती म्हणाली. "हयच थांब."

"केळ्यांचा सांगू नको हां संचिता. बाटल्यो चुकीच्या जागी होत्यो, एवढ्याच सांग. कोणाक काय कळाचा नाय. नायतर पुण्याची पोरा हसतली."

"तुका हसतली म्हणान भिया लागता?"

"माका हसूंदेत, माझा काय जाता? तुका हसतली. राखणदाराक हसतली."

खोटं नव्हतं ते. नुसतं 'जागा चुकली' म्हटलं असतं तर भागलं असतं, निम्मं खरंही होतं. पण दोन महिन्यांचे आकडे कशाने बिघडले हे लपवून पुढचे आकडे खरे माना म्हणायचं, हे संचिताला जमणारं नव्हतं. समुद्रावरून वारा येत होता. तिने ओढणी कानामागे खोचली आणि फोन लावला.

"माझे मार्च-एप्रिलचे आकडे चुकीचे होते," तिने सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. गाऱ्हाणं, औषध देवाजवळ नको, नवस, केळी, वाढवलेली केळी. पलीकडे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं.

"हसा," ती म्हणाली. "मीही हसले. आधी रडले, मग हसले. पण चूक एकट्या केळ्यांची नाही. बाटल्या मिसळून लावायच्या, हा पहिला धडा मीच विसरले. आता मिसळल्या आहेत, आणि तुळस काम करते. हा माझा प्रकल्पाचा भाग."

दत्ता खाली बघत पायाच्या अंगठ्याने कातळ उकरत होता.

"आता माझा भाग." तिने एकदा दत्ताकडे बघितलं. "मॅडम, मी दर वेळी सांगते, मी बरी आहे. या महिन्यात मी बरी नव्हते, मी फार रागावले होते. ज्याने नवस केला, त्याला मी नको ते बोलले. माझ्या कामाला यश यावं म्हणून आजवर कोणी देवापाशी काही मागितलं नव्हतं. त्याने मागितलं. यश आलं की मी इथून जाणार, हे माहीत असून मागितलं. त्याने माझा प्रयोग बिघडवला, आणि तरी सगळ्यांत जास्त आभार मी त्याचेच मानते. आभार हा शब्द पुरत नाही... दुसरा आहे. पण तो त्याला सांगेन, तुम्हाला नाही."

किशोरी मॅडम खाकरल्या. "वृत्तांत मंजूर, संचिता. दोन्ही भाग. एक तारखेला ये, प्रयोगशाळेत तुझी जागा ठेवते. आणि आता ठेव फोन... तुला कामं दिसतायत."

तिने फोन ठेवला. दत्ताचे कान लाललाल झाले होते. हसावं की पळावं, त्याचं ठरत नव्हतं.

"दुसरो शब्द खंयचो?" त्याने शेवटी विचारलं.

"आधी तू सांग. नवसात आणि काय मागलंस?"

"काय नाय. तुझा यश."

"एवढ्याच? मी पुण्यासून परत येवक व्हया, ह्या नाय मागूक?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"कित्याक रे?"

दत्ताने पहिल्यांदा मान वर केली. "ता देवाकडे मागूचा नसता गो," तो हळूच म्हणाला. "ता तुझ्याकडेच मागूचा लागतला."

वारा मध्येच थांबल्यासारखा झाला. संचिताचे डोळे काही खाली जाईनात.

"मगे माग ना!"

"...परत ये, संचिता."

"येतलंय," ती म्हणाली, आणि हात पुढे करून तिने त्याचा हात धरला.